मंगळवारची आई

"कोफीला काढणार म्हणं, त्याच्या जेवणापायी..." एवढंच पुष्पाकाकूंच्या कानावर पडलं. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि सांगणारी घागर घेऊन पळाली.

कोफी म्हणजे घानाहून कोल्हापुरात खेळायला आलेला, गल्लीतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. गल्लीतली घरं त्याला पाळीनं जेवू घालत. मंगळवार काकूंचा. आता चौकशी केल्याशिवाय काकूंना घास उतरेना. पदर खोचून त्या थेट फुटबॉल स्पर्धेच्या संयोजकांच्या बैठकीत शिरल्या. कोफीही तिथं कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

तिथं समोरच्या पेठेच्या संघाचे प्रायोजक, बिल्डर भैरवराव, गरजत होते. "प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा आहे! या गड्याचं फुकटचं जेवण म्हणजे छुपं प्रायोजकत्वच. ते धरलं की यांची मर्यादा ओलांडते. काढा त्याला!"

"धरा की वो," काकू म्हणाल्या. "मग तुमच्या पोरांचंबी दोन्ही वेळचं धरा."

"अहो, ती घरी जेवतात! आईनं वाढलेलं कुणी खर्चात धरतं का?"

"झालं तर! कोफी, सायबांना सांग, तू मला काय म्हणतोस?"

"आई," कोफी लाजून म्हणाला. "मंगळवारची."

सगळी बैठक हसली. भैरवरावांनाही हसू आवरलं नाही. सचिवांनी जेवणाचा आक्षेप खोडला. गल्लीतल्या मिठाईवाल्यानं कोफीला दिलेले बूट मात्र खर्चात धरले; तेवढ्यानं मर्यादा जराशी ओलांडली, आणि त्यापायी त्याला एका सामन्यापुरतं बाहेर बसवलं.

तो सामना त्यानं काकूंच्या शेजारी बसून पाहिला. बदली गोलकीपरनं गोल खाल्ला, तेव्हा काकूंनी हात ठेवला तो कोफीच्या पाठीवर.