मूठभर मीठ

चूक अंतोबाची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गावात विचाराल तर म्हणतील, "जाऊ दे, म्हातारं माणूस." म्हातारं झालं म्हणून काय झालं? खोटं बोलायला वयाची सूट नसते.

कोकणातल्या एका गावात हा अंतोबा राहायचा. सगळं गाव कातळावर, आणि त्या कातळावरून दिवसभर अनवाणी हिंडणारी माणसं. थंडी सरता सरता घरोघरी टाचांना भेगा पडायच्या. भेगा अशा, की आत तांदळाचा दाणा बसावा. फक्त अंतोबाच्या टाचा लोण्यासारख्या.

त्यांची किंमत शिमग्याला कळायची. पालखीचा पुढचा दांडा ज्याच्या खांद्यावर, तो कातळावरून अनवाणी नाचत जाणार. म्हणून गावची रीत होती की आदल्या दिवशी मानकऱ्यांनी तळवे तपासायचे आणि ज्याच्या टाचा धड त्याला दांडा द्यायचा. सगळे पाय पसरून ओळीने बसायचे. दरवर्षी अंतोबाच उठायचा, मिशीला पीळ देत.

गुपित म्हणजे घरचं मलम. कोकमाच्या बियांचं तेल थिजलं की ते मुठीत दाबून गोळा करतात, त्याला मुठेल म्हणतात. ते मुठेल, थोडं खोबरेल आणि मधाच्या पोळ्याचं मेण, हे सगळं गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवायचं. कोमट झालं की कोरफडीचा गर जरा जरा सोडत रवीने घुसळायचं. पांढरं, मऊ मलम तयार. यात ना मंत्र, ना नवस. पण अंतोबा ते दार लावून करायचा, जणू आत देव घडवतोय.

त्याची सून शेवंती मागे लागली. "मामंजी, मलाही शिकवा की. आळीतल्या सगळ्या बायकांच्या टाचा फुटल्यात."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, सूनबाई."

"मुठीत मुठेलच आहे ना? मग उघडा."

शेवंती हटेना. गावात मान राहायचा तर नाही म्हणता येईना, आणि खरं सांगितलं तर शिमग्याला साऱ्या गावाच्या टाचा धड. अंतोबाने मधली वाट काढली. सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी हळूच जोडलं, "आणि उतरवताना त्यात मूठभर मीठ. ते विसरायचं नाही."

बायकांनी मलम केलं. मीठ पडताच त्याला पाणी सुटलं. टाचांना चोळलं, तर अख्खी आळी नाचायला लागली.

"मामंजी, आग होतेय हो!"

"झोंबतंय म्हणजे गुण येतोय," अंतोबा म्हणाला.

हे वाक्य म्हाताऱ्यांचं फार लाडकं. छडी मारली, गुण येतोय. चारचौघांत पाणउतारा केला, गुण येतोय. गुण कधी येतो ते मात्र सांगत नाहीत. आणि ऐकणारेही असे, की मोठ्यांनी सांगितलं म्हणून भेगेत मीठ भरत बसले. शेजारच्या भागीरथीकाकूने एकदा विचारलं, "अंतूभाऊ, तुम्हाला नाही झोंबत?"

"सवय आहे," अंतोबा म्हणाला.

पुढच्या थंडीत दुसऱ्याची बकरी हाकलायला अंतोबा कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढला. बकरी गेली निघून, अंतोबा पडला. मनगट मोडलं. आता रवीने घुसळायला दोन हात लागतात, आणि घरातलं मलम संपलेलं. शिमगा जवळ आला तशा त्याच्याही टाचा फुटल्या.

"काळजी कशाला?" शेवंती म्हणाली. "तुमच्याच रीतीनं करते."

चूल पेटली. मुठेल विरघळलं, मेण विरघळलं, कोरफडीचा गर पडला. भागीरथीकाकू आणि आळीतल्या बायका बघायला जमल्या. शेवंतीने मीठ मुठीत घेतलं आणि हात वाटीवर धरला.

"घालू ना मामंजी?"

एवढंच म्हणायचं होतं, नको. एक शब्द. अंतोबाने बायकांकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "घाल. पण जरा कमी घाल."

"कमी का? तुम्हीच सांगितलंत मूठभर."

मूठ उघडली.

पहिल्या दिवशी अंतोबाने दात आवळून सोसलं. डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाला, चुलीचा धूर गेला. सून मायेची, ती सकाळ-संध्याकाळ चोळायला लागली. भेगा लालभडक झाल्या. अंतोबा तरी पाय पुढे करतच राहिला. शेवटी एका संध्याकाळी तिने मलम जरा दाबून भरलं आणि तो ओट्यावरून ताडकन उठला.

"मेलो! पुस गं, पुस! मीठ नसतंच त्यात!"

ते साऱ्या आळीने ऐकलं. भागीरथीकाकू बायकांना घेऊन ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "अंतूभाऊ, मग गेली सारी थंडी आमच्या टाचांत काय लोणचं मुरत होतं?"

बायका अशा हसल्या की गडग्यावरची बकरी उडाली.

दुसऱ्या दिवसापासून गावभर बिनमिठाचं मलम घुसळलं गेलं. साध्या भेगा मऊ पडत गेल्या. अंतोबाच्या टाचांत मिठाने जखमा झालेल्या, त्या भरायला वेळ पुरला नाही.

तपासणीच्या दिवशी मानकरी चक्रावले. ओळीत जिकडेतिकडे धड टाचा, आणि सगळ्यांत मऊ टाचा होत्या शेवंतीच्या. ती मुद्दाम येऊन ओळीत बसली होती.

"बाईच्या खांद्यावर पुढचा दांडा?" एक मानकरी कुरकुरला.

"रीत टाचांची आहे," भागीरथीकाकू म्हणाली, "मिशांची नाही."

ढोल वाजला. शेवंती पालखी नाचवत कातळावरून गेली आणि गाव तिच्यामागे गेलं. अंतोबा पायांना फडकी गुंडाळून ओट्यावर बसला होता.

तात्पर्य: शिकवताना खोटं मिसळलं तर ते फिरून आपल्याच भेगेत येतं; आणि मोठ्यांनी सांगितलेलं असलं तरी झोंबलं की का झोंबतंय ते विचारावं. अंतोबाला पुढचा दांडा पुन्हा कधी मिळाला नाही.