पाखरमाळच्या तीन चिंध्या

पाखरमाळला गाडी थांबली की शहरातली माणसं आधी दरीचे फोटो काढतात, मग कॉफीच्या दुकानात शिरतात आणि हमखास विचारतात, "यातली स्ट्राँग कुठली?" फळीवर पुड्या मांडलेल्या असतात, पण एकीवरही तसं काही लिहिलेलं नसतं. नुसतं एक रंगीत लेबल. हिरवं, पिवळं, नाहीतर लाल. मग गल्ल्यावरचे गोमाजी गवळी चष्मा कपाळावर सरकवतात. "बसा," म्हणतात, "हे रंग उभ्या उभ्या कळायचे नाहीत." आणि एकदा गोमाजी सुरू झाले की कप निवला तरी कुणी उठत नाही.

फार पूर्वीची गोष्ट. कुणी शंभर वर्षं म्हणतं, कुणी दीडशे. मेळघाटातल्या या उतारावर तेव्हा कॉफीची झाडं नवीनच होती आणि त्या बिया भाजाव्यात तर कस्तुराबाईनंच. ही गवळ्यांच्या घरातली थोरली सून. भट्टीवर लोखंडी कढई, हातात लांब दांड्याचा झारा, आणि कान कढईकडे. बी पहिल्यांदा तडतडली की सौम्य चव, दुसऱ्यांदा तडतडली की कडक. परतवाड्याचे व्यापारी घाट चढून यायचे आणि म्हणायचे, कॉफी काय कुठंही मिळेल, पण कस्तुराबाईच्या हाताची चव नाही मिळायची. बाईलाही ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं तोंडावर दिसायचं, असं सांगतात.

त्या घरात सगुणा धाकटी सून होऊन आली. अंगात हौस दांडगी! एके दिवशी थोरली बाजाराला गेलेली, घरी पाहुणे आलेले, म्हणून हिनं आपल्या मनानं कॉफी भाजायला घेतली. आता माहेरी तिनं काय भाजलेलं? फुटाणे. फुटाणे भाजायचे तर कढईत तापलेली वाळू घालतात. हिनं घातली! पाहुण्यांनी घोट घेतला आणि ओळीनं सगळ्यांचे दात कचकचले.

कस्तुराबाई परतली ती अंगणातूनच कडाडली. "भट्टी हाय का भडभुंज्याचं दुकान वं?"

सगुणाही काही कमी नव्हती. "तुमच्याच हाताले सोनं लागलं हाय काय, बाई?"

झालं. शब्दानं शब्द वाढला. थोरली तरातरा गेली ती वस्तीच्या देवीच्या, डोंगराईच्या ठाण्यापुढे उभी राहिली आणि सगळ्या वस्तीसमोर बोलली, "आई, आजपासून हिच्याशी एक शब्द बोलली तं माह्या हाताची चव जाऊ दे!"

जिला हाताच्या चवीखेरीज दुसरा दागिना नाही, तिनं तोच पणाला लावला. आणि डोंगराई म्हणजे काय शेजारीण आहे, उद्या समजूत काढायला? शपथ ती शपथ.

पण घर एक, भट्टी एक. थोरलीनं भाजायचं, धाकटीनं पाखडून पोत्यात भरायचं. कुठला घाणा किती भाजलाय हे सांगणार कसं? कस्तुराबाईनं जुनी लुगडी फाडली. पहिल्या तडतडीला उतरवलेल्या ढिगावर हिरवी चिंधी टाकायची, दुसऱ्या तडतडीच्या ढिगावर लाल, मधल्यावर पिवळी. सगुणा मान न वळवता चिंधी उचलायची आणि त्या पोत्याच्या तोंडाला बांधायची. व्यापारीही मग "लाल चिंधीची दोन पोती द्या" असंच म्हणायला लागले. अशी पाच वर्षं गेली. दोघींचे नवरे बिचारे निरोप पोचवून पोचवून थकले.

चैत्रातली दुपार होती. खाली मोहाच्या फुलांचा सडा पडलेला, त्याचा वास रानभर सुटलेला. कस्तुराबाईच्या कढईत त्या सालचा सगळ्यात मोठा घाणा होता. सगुणा मोहाखाली पाठमोरी बसून सुपानं बी पाखडत होती. आणि मोहाच्या वासावर अस्वल आलं. मादी, पाठीवर दोन पिल्लं. पिल्लंवाली अस्वलीण म्हणजे साक्षात मरण!

कस्तुराबाईनं ते पाहिलं. तिनं लाल चिंधी जोरजोरानं हलवली. पण पाठीला डोळे असतात का? मग तिनं झारा कढईवर आपटला. खणखण, खणखण! आणि इथंच घोळ झाला बघा. पाच वर्षांत त्या घरात भांडी आपटली की त्याचा अर्थ एकच होता. सगुणा मनात म्हणाली, आज पुन्हा पारा चढलेला दिसतोय. तिनं आणखीच पाठ फिरवली.

अस्वलीण दहा हातांवर आली. बाईनं एकदा आपल्या हाताकडे पाहिलं, म्हणे. एकदाच.

"सगुणे, पळ!"

पाच वर्षांनी तो आवाज ऐकून सगुणा इतकी चकित झाली की पळायचं सोडून जावेकडेच बघत राहिली. "काय म्हणलं, बाई?"

"अस्वल वं, बावळे! मागं अस्वल हाय!"

एवढं बोलून बाईनं भट्टीतलं जळतं लाकूड उपसलं आणि थेट अस्वलिणीच्या रोखानं धावली. विस्तव पाहून जनावर बिथरलं आणि पिल्लांसकट नाल्यात उतरून गेलं. दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. तिकडे कढईतल्या घाण्याचा पार कोळसा झाला.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं नवा घाणा भाजला. तीच बी, तोच जाळ. कॉफी तोंडाला लावली तर नुसतं राखेचं पाणी. पुन्हा भाजला, पुन्हा तेच. डोंगराईनं शपथ खरी केली होती. बाई भट्टीशेजारी बसून ढसाढसा रडली. "गेली वं सगुणे. माह्या हाताची चव गेली."

सगुणानं तिच्या हातातून झारा काढून घेतला. "हाताची गेली नं, बाई? कानाची कुठं गेली? मी हालवीन, तुम्ही सांगा."

कस्तुराबाईनं डोळे पुसले आणि कढईकडे कान लावला. एक तडतड. दुसरी. "थांब... थांब... हं, उतरव!" असं सांगतात, त्या घाण्याला जी चव उतरली, तशी त्या उतारावर कधीच उतरली नव्हती. पुढची तीस वर्षं थोरली बोलत राहिली, धाकटी हलवत राहिली. चिंध्या फेकायला मात्र सगुणानं कुणाला दिल्या नाहीत. म्हणायची, "आमच्यात कोणी बोलत नव्हतं तवा ह्याच बोलल्या."

आजही पाखरमाळला एकटं माणूस भट्टीला बसत नाही. एकानं हलवायचं, दुसऱ्यानं सांगायचं. दोघांचं भांडण झालं असलं तरीही. भांडणं काय, होतातच. गोमाजींचं आणि त्यांच्या भावाचं तर दर आठवड्याला होतं. पण वस्तीत अबोला धरायचा तो एका घाण्यापुरता, अशी रीतच आहे. दुसरी तडतड झाली की कुणाला तरी तोंड उघडून "उतरव" म्हणावंच लागतं, नाहीतर सगळं जळतं.