तळ्यात उतरलेला इस्तारी

पुष्कळ पावसाळे होऊन गेले त्याला. सावरटोल्याच्या मालगुजारांच्या घरात एक लेखक जन्मला. त्यांची कोठी होती, आमराई होती आणि कोठीसमोर मोठं तळं होतं. त्या तळ्यावर गावाचा धान पिकायचा. पाणी सोडायचा मान इस्तारी लांजेवाराचा. तो बुडी मारून तळातल्या भोकाचा लाकडी खुंटा उपसायचा. पाटाचं पाणी आधी सगळ्यांत लांबच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, जायचं, जवळच्यानं थांबायचं, हा रिवाज. असं म्हणतात, की इस्तारी बुडाला की मासे बाजूला होऊन त्याला वाट देत.

लेखकानं पुस्तक लिहिलं. त्यात काठोकाठ भरलेलं तळं होतं, त्यात कोठीचं प्रतिबिंब होतं. इस्तारी नव्हता. धानही नव्हता. पुस्तक गाजलं. पुढे लेखक वारला, कोठीचं संग्रहालय झालं आणि तळंही कुंपणात गेलं.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान पोटरीला आलेला. इस्तारी संग्रहालयाच्या व्यवस्थापकाकडे गेला.

"खुंटा काढू द्या जी. धान करपून राहिला."

"तळं पुस्तकात आहे तसंच भरलेलं ठेवायचंय. लोक लांबून पाहायला येतात."

"मंग जेवाले पुस्तकातलाच भात वाढा आमाले."

शिपाई हसला. व्यवस्थापकानं फाटकाला कुलूप लावलं.

इस्तारी भरदुपारी, गावादेखत कुंपण ओलांडून तळ्यात उतरला. खुंटा निघाला. पाटाला पाणी आलं. इस्तारी वर आला नाही. असं म्हणतात, की पाणी वाटेतल्या एकाही बांधीत वळलं नाही, आधी शेवटच्या बांधीत गेलं. असं म्हणतात, की त्या वर्षीचा भात मीठ न घालताच खारट शिजला.

उन्हाळ्यात भोक पाटाच्या तोंडापर्यंत सिमेंटनं बुजवलं. संग्रहालयात पाटी लागली, की लेखकावरच्या भक्तीपोटी एका सेवकानं इथे जलसमाधी घेतली. ही पाटी धादांत खोटी आहे. गाव सांगून थकलं. पाटीला नवा रंग देतात, मजकूर तोच.

आता धान नाही. माणसं विटाभट्ट्यांवर जातात. पण जाण्याआधी, हस्त लागला की, सगळं गाव फावडी घेऊन इस्तारीचा पाट साफ करतं. नवी सून विचारते, "पाणी येते का जी यातून?"

"नाही."

"मंग?"

"गाळ काढ, बाई."

उपसत उपसत माणसं तळ्याच्या पाळीपाशी, मातीच्या बांधापाशी, पोचतात. तिथे फावडं सिमेंटवर वाजतं. मग सगळे घरी जातात.