काळओढ्याकाठचा हुतूतू

राजा धैर्यसेन भर मैदानात घोरला, आणि जाग आल्यावर त्यानं सगळा दोष हुतूतूवर ढकलला.

त्याच्या राज्यात चालच होती तशी. सुगी उरकली की राजा कुठल्यातरी एका गावी हुतूतू बघायला जायचा. बरोबर नगारे, शिंगं, आणि मचाणावर चढून खेळ सांगणारा ललकारी. राजा ज्या गावी जाणार, तिथं आधी रस्ता व्हायचा, ओढ्यावर पूल बांधला जायचा. म्हणून राजानं आपल्याकडं यावं यासाठी गावंच्या गावं झुरायची.

गाव निवडायचे कारभारी रंगोजीराव. त्यांची निवड सोपी. ज्या गड्यांचं नाव मोठं आणि ज्या पाटलाकडची पुरणपोळी मऊ, तिकडं स्वारी. नावाजलेल्या गड्यांपुढं समोरचे बिचारे दोन चढायांत आडवे व्हायचे. पोटात पुरणपोळी, समोर असला खेळ. मग राजा घोरेल नाहीतर काय करेल?

त्यानं दरबार भरवला. “यंदा मला असा खेळ हवा, की बघणारा एकही माणूस खाली बसता कामा नये. उभं राहा म्हणून त्याला कुणी सांगायचंही नाही. आणि खेळ संपला की जिंकणाऱ्याच्या घरात थोडं रडू यावं, हरणाऱ्याच्या घरात थोडं हसू. असा खेळ दाखवील त्याला मागेल ते देईन. फसवलं, तर वर्षभर माझ्या पागेतली लीद काढायची.”

रंगोजीराव हळूच म्हणाले, “महाराज, मैदानाभोवती चिखल करून ठेवला तर कुणी बसणार नाही.”

“करा. आणि पहिल्यांदा तुम्ही बसून दाखवा.”

बरेच दिवस कुणी पुढं आलं नाही. मग एका सकाळी निंबदरीच्या शेतकऱ्याची लेक सगुणा दरबारात येऊन उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.

“खेळ आमच्याकडं बघा, महाराज. आमचे गडी आणि पलीकडच्या पिंपळथडचे. मधे फक्त काळओढा.”

“निंबदरी?” रंगोजीराव हसले. “तिथल्या गड्यांना ओळखतं कोण?”

“ते एकमेकांना ओळखतात, कारभारी. पुरे तेवढं.”

“आणि जेवायला काय?”

“भाकरी नि ठेचा. झोप लागायची नाही.”

राजाच्या मिशा जरा हलल्या.

“पण महाराज, येणार म्हणून कळवू नका. कळलं की गडी खेळ सोडून मुजरे करत बसतील. आणि आधी रस्ताबिस्ता काही करू नका.”

रस्ता नको म्हणणारं माणूस रंगोजीरावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. “आणि खेळ पडेल निघाला तर?”

“तर काढीन की लीद. शेणाची सवय आहेच.”

आता ही पोर एवढं धाडस का करत होती, तर तिची थोरली बहीण राही पिंपळथडला दिलेली. पंचमीला लेकीनं माहेरी यावं, तर नेमका ओढ्याला पूर. आई या काठाला, राही त्या काठाला. मग आई चोळीचं कापड दगडाला बांधायची आणि गोफणीनं पलीकडं भिरकवायची. गेल्या पंचमीला कापड मधेच पाण्यात पडलं. आई रिकामी गोफण धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती.

खेळाच्या दिवशी राजा घोंगडी पांघरून निघाला. घोडा ओढ्यापाशी अडला, म्हणून तो पाण्यात उतरला. अर्ध्यावर त्याचा एक जोडा चिखलानं गिळला. मागून रंगोजीराव धोतर वर धरून येत होते. शेजारून पिंपळथडच्या बायका पोरं काखेला मारून कशा सरसर गेल्या.

मैदानात राजा एका म्हातारीच्या शेजारी उभा राहिला. ती सगुणाची आई. निंबदरीचा गडी दम घुमवत पिंपळथडच्या बाजूला शिरला, तशी ती ओरडली, “हाण, लेका!” समोरच्या उंच गड्यानं त्याचा पाय धरला, तशी पुन्हा ओरडली, “सोडू नका, जावईबापू! अन् मोडू पण नका!”

राजानं विचारलं, “आजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?”

“काय सांगू, बाबा? आमच्या गावची रीतच आहे, लेक द्यायची ती पिंपळथडला. इकडं सगळे भाऊ, तिकडं सगळे नवरे. लेक जिंकला तर पोरगी फुगणार. जावई जिंकला तर लेक जेवायचा नाही.”

“मग निवांत बसून तरी बघा.”

“बसायला जीव थाऱ्यावर नको का? तुम्हीच का नाही बसत?”

राजानं खाली पाहिलं. तोही टाचा उंचावून उभा होता. आणि ललकाऱ्याची तर इथं गरजच नव्हती. बायकाच सगळा खेळ ओरडून सांगत होत्या.

शेवटी एका गड्याच्या फरकानं पिंपळथड जिंकलं. राही हसत हसत नवऱ्याकडं धावली, आणि अर्ध्या वाटेतून वळून हरलेल्या भावाच्या पाठीवरची धूळ पदरानं पुसताना रडायला लागली. भावाला तिचा अवतार बघून हसू फुटलं.

राजानं घोंगडी काढली. “सगुणे, जिंकलीस. माग.”

“ओढ्यावर पूल द्या, महाराज.”

रंगोजीराव धोतर पिळत पुढं झाले. “इथंच फसगत आहे, महाराज. कधीमधीच भेटतात म्हणून यांचा जीव असा टांगणीला. पूल झाला की रोज येतील, रोज भेटतील, आणि पुढच्या साली बसून शेंगा फोडतील. पूल झाला की खेळ मेला.”

राजा विचारात पडला. “खरं आहे. सगुणे, मला खेळही हवाय. पूल कसा देऊ?”

आईचा चेहरा उतरला. सगुणानं शांतपणे विचारलं, “महाराज, तुमची सासुरवाडी किती लांब?”

“आठ दिवसांची वाट.”

“मेहुण्यांशी भांडण होतं कधी?”

“वर्षा-दोन वर्षांनी भेटतो. कसलं भांडण? गळ्यात पडतो.”

“आणि कारभाऱ्यांचे मेहुणे कुठं असतात?”

रंगोजीराव खोकले. राजानंच सांगितलं, “भिंतीला भिंत आहे. रोज सकाळी माझ्या महालापर्यंत ऐकू येतं...” आणि बोलता बोलता तो हसायला लागला.

“मग बांधा की पूल,” सगुणा म्हणाली. “रोज भेटू द्या त्यांना. पुढच्या साली उभं राहायलासुद्धा जागा मिळायची नाही.”

राजा इतका हसला की आधारासाठी त्याला रंगोजीरावांचाच खांदा धरावा लागला. “पंचमीच्या आत पूल झाला पाहिजे. देखरेखीला रंगोजीराव, आणि मदतीला त्यांचे मेहुणे. आणि माझा जोडा सापडला तर धाडून द्या.”

पूल वेळेत झाला. पंचमीला आईनं चोळीचं कापड स्वतःच्या हातानं पलीकडं नेऊन दिलं. राहीनं ते उलगडलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, “आई, रंग जरा फिकाच आणलास गं.”