माणसांतून उठलेलं गाव

फार वर्षांपूर्वी, बातमीला जेव्हा कागद नव्हता की तार नव्हती, तेव्हा ती माणसाच्या गळ्यातूनच गावोगाव चालायची. खैरवडी गावात हा गळा होता सटवा हलगीवाल्याचा.

वेशीत उभं राहून सटवानं हाळी दिली की माळावर चरणारी गुरं मान वर करायची. डोंगरापल्याडच्या वाडीतल्या बाया भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकायच्या, असं म्हणतात. जत्रा कधी, कोणाची म्हैस हरवली, गढीचा हुकूम काय, सगळं गावाला सटवाच्या तोंडून कळायचं.

गळा असा गावाच्या कामाचा, पण घर मात्र गावकुसाबाहेर. बारवेच्या पायऱ्या उतरायची त्याच्या माणसांना मुभा नव्हती. त्याची बायको धुरपा रिकामी घागर घेऊन वर उभी राहायची. कोणाला दया आली, तर तो आपल्या घागरीतलं पाणी उंचावरून तिच्या घागरीत ओतायचा. कोणाला नाही आली, तर ती तशीच उभी.

मग एक दुष्काळ आला. पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. पुढच्या वर्षी तेही दाखवलं नाही. नदीची वाळू तापून पांढरी पडली आणि घाटाकडची माणसं गावं सोडून चालत सुटली. चिंचोके उकडून खात, झाडाचा पाला ओरबाडत ती खैरवडीपर्यंत आली आणि नदीच्या पलीकडच्या काठाला बसली. पुढं जायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

खैरवडीची बारव कधी आटत नसे. गढीच्या पेवांत ज्वारी होती. घराघरांतही थोडंफार होतं. एखादी बाई पदराखाली भाकरी लपवून नदी ओलांडायची, एखादा म्हातारा तांब्याभर पाणी नेऊन ठेवायचा. ते गढीच्या रायाजीरावांना कळलं. त्यांना भीती पडली, की आज इतकी आलीत, उद्या सारा मुलूख येईल.

त्यांनी सटवाला बोलावून दवंडीचे शब्द सांगितले. नदीपलीकडं जी आलीत ती माणसं नव्हेत. त्यांना माणूस समजून जो घास देईल, पाणी देईल, तोही माणसांतून उठला.

सटवा हुकूम घेऊन लगेच निघायचा. त्या दिवशी तो जागचा हलला नाही.

"सरकार," तो म्हणाला, "माणसं न्हाईत, तर मग कोण हायेत?"

"तुला काय करायचंय? सांगितलं तेवढं ओरड."

घरी येऊन त्यानं ते शब्द धुरपाला ऐकवले. धुरपा चुलीपाशी बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "आपल्यालाबी पाणी वरनंच वततात. मग आपुन कोण?"

त्या रात्री सटवाच्या पोटात घास गेला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वेशीत सारं गाव जमलेलं. सटवानं हलगी शेकली, कडाडून वाजवली आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"ऐका हो ऐका..."

एवढं म्हणून तो थांबला. त्यानं गढीकडं बघितलं, मग नदीकडं बघितलं. आणि जन्मात काढला नव्हता असा आवाज काढला.

"नदीपल्याड माणसं आलीत हो. भुकेली माणसं आलीत. ज्याच्या घरात भाकरी हाय, त्यानं अर्धी मोडावी. जो मोडणार न्हाई, तो माणसांतून उठला."

बाजारात तागडीसुद्धा हलली नाही. गढीच्या शिपायांनी सटवाला धरून नेलं. रायाजीरावांनी त्याला एक वाट देऊ केली. पुन्हा वेशीत जायचं, दारूच्या भरात बोललो म्हणायचं, आणि खरी दवंडी द्यायची. सटवा म्हणाला, "आजवर तुमचं बोललो. आज पहिल्यांदा सोताचं बोललो. ते मागं कसं घिऊ?"

तेव्हा त्यांनी त्याची हलगी फाडली आणि त्याला शेंदूर पाजला. शेंदूर पोटात गेला की आवाज कायमचा बसतो, हे तुम्ही ऐकलं असेल. सटवाचा बसला. गढीतून तो बाहेर आला, तेव्हा धुरपाला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि आत नुसता वारा हलला.

पण गळ्यातून गेलेला आवाज जातो कुठं?

असं म्हणतात, की तो आधी बारवेत उतरला. बायांनी घागरी बुडवल्या आणि घागरी बुडबुडताना बोलल्या, माणसं आलीत हो. बाया घागरी टाकून पळाल्या. मग तो जात्यांत शिरला. दळायला बसावं, तर पीठ पडताना जातं म्हणायचं, अर्धी मोडावी. रायाजीराव चिडले. हा आवाज बुडवायला त्यांनी गढीवरचा मोठा नगारा वाजवायला लावला. टिपरू पडलं आणि नगारा साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असा घुमला, भुकेली माणसं आलीत हो. नगारची टिपरी टाकून गढी उतरला, तो पुन्हा वर गेला नाही.

गावात गोजराबाई नावाची एक म्हातारी होती. चिक्कू म्हणून तिचं नाव होतं. शेजारणीला विरजणसुद्धा द्यायची नाही. पण त्या दिवशी तिच्या जात्यानं तिला काय सुनावलं कोण जाणे. तिनं पाटीभर भाकरी केल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत नदीकडं निघाली. वेशीत शिपायानं भाला आडवा धरला.

"आजी, मागं फिर. माणसांतून उठशील."

"उठते की," गोजराबाई म्हणाली. "बघू तरी, तिकडं कोण कोण हाय."

आणि भाला हातानं बाजूला सारून ती वाळूत उतरली.

तिच्यामागं एक गेली, मग दोघी, मग गडीमाणसं, मग सगळी आळीच्या आळी. सटवा पुढं चालत होता. हलगी नव्हती म्हणून तो रिकाम्या डब्यावर थाप मारत होता. पाणी न्यायचं होतं, तेव्हा धुरपा घागर घेऊन सरळ बारवेच्या पायऱ्या उतरली. जन्मात पहिल्यांदा. कोणीतरी बोलायला तोंड उघडलं, तर गोजराबाईच म्हणाली, "आता आपुन समदीच उठलोय. इटाळ कुणाचा कुणाला?"

सांज व्हायच्या आत अख्खं गाव नदीपलीकडं होतं. भाला टाकून तो शिपाईही आला. हुकमाप्रमाणे बघायला गेलं, तर खैरवडीत आता माणूस असा एकच उरला होता, रायाजीराव. त्यांना चूल पेटवून द्यायला कोणी नव्हतं, घोड्याला पाणी दाखवायला कोणी नव्हतं. पेवांत ज्वारी होती, पण पेवात उतरणारा नदीपलीकडं जेवत बसला होता.

काही दिवसांनी रायाजीराव चालत नदीवर आले. तोंड सुकलेलं, पण मान ताठ. पंगत बसली होती. कोणी म्हणालं, यांना हाकला. सटवानं हातानंच नको म्हटलं. आपली भाकरी मोडली, अर्धी पुढं धरली, आणि आपल्या शेजारची जमीन थोपटून दाखवली. भाकरी मिळेल, पण इथं, पंगतीत, माझ्या मांडीला मांडी लावून.

इथून पुढं दोन सांगण्या आहेत. गढीकडची माणसं म्हणतात, राव तसेच माघारी फिरले आणि मुलूख सोडून गेले. गावकुसाकडची म्हणतात, राव खाली बसले, पहिला घास गिळताना रडले, आणि रडले तेव्हा गाव म्हणालं, आता हे माणसांत आले. खरं काय, नदीला ठाऊक. पेवं मात्र उघडली गेली आणि घाटाकडची माणसं जगली, यावर दोन्हींकडचं एकमत आहे. खैरवडीतली कितीतरी घरं आज त्यांचीच आहेत.

सटवा त्यानंतर खूप वर्षं जगला. पुन्हा कधी बोलला नाही.

आजही खैरवडीत लग्न असो की जत्रा, पानं वाढून झाली की कोणी लगेच जेवत नाही. एक जण वेशीत जातो, हलगीवर थाप मारतो आणि तोंडानं काही न बोलता तसाच उभा राहतो. तेवढा वेळ सारी पंगत गप्प असते. रस्त्यानं जाणारा कोणीही येऊन बसावा, त्याला नाव, गाव, जात विचारायची नाही. त्या शांततेत सटवा बोलत असतो, असं म्हणतात.

मागं एकदा जत्रेला एक बडे पाहुणे आले होते. मागंपुढं गाड्या, वेळ थोडा. पान वाढलेलं बघून त्यांनी भाताला हात घातला. वाढणाऱ्या बाईनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा सायेब," ती म्हणाली. "आमचा माणूस बोलतोय."