मेहुण्यांपासून लांब, आमटीपासून जवळ

“येत्या पौर्णिमेच्या आत जगातलं असं शहर शोधून दे, जिथे मुक्काम ठोकून आम्ही राज्य चालवू!”

बोरगडचे महाराज उदयभान कडाडले आणि मंजुळाच्या हातातलं पेन निसटून थेट दिवाणजींच्या जोड्यात पडलं.

मंजुळा ही दरबारातली लेखनिक. भूगोलात बी.ए. झालेली, पण नदीपलीकडे कधी न गेलेली. नकाशात समुद्र दिसला तरी तिला बोट लागायची! नाव मंजुळा, पण दचकली की अशी किंकाळी फोडायची की पागेतले घोडे उधळायचे. आणि दचकायला तिला काहीही पुरे. एकदा तर बाई स्वतःच्याच शिंकेला दचकली होती.

“हल्ली म्हणे कुठूनही काम करता येतं,” महाराज म्हणाले. “आमचा भाचा लिस्बनला बसून नोकरी करतो. दिवाणजींचा जावई बालीत शहाळं पीत कंपनी चालवतो. आम्हीच तेवढे सिंहासनाला खिळलेले! दरबार इथे भरेल, आम्ही तिथून पडद्यावर दिसू. पण अटी ऐक. शहर परदेशात हवं आणि इतकं लांब हवं की आमचे मेहुणे पोहोचता कामा नयेत!”

हे मेहुणे म्हणजे राणीसाहेबांचे बंधू दौलतराव. रोज सकाळी “दाजीसाहेब, एकच मिनिट!” म्हणत घुसायचे, शहामृगं पाळायची योजना सांगायचे आणि जेवूनच उठायचे.

“पण इतकं जवळही हवं की राणीसाहेबांच्या हातची आमटी वाफाळती पोहोचली पाहिजे! दरबार बुडता कामा नये, आमची दुपारची झोपही मोडता कामा नये. आणि आजूबाजूचे लोक मराठीच बोलले पाहिजेत.”

“महाराज, असं शहर जगात...”

“नसलं तर तुझी बदली तोफखान्यात! दुपारची तोफ रोज तू डागायचीस!”

मंजुळाच्या पोटात गोळा आला. तोही तोफेचाच!

ती कामाला लागली. लिस्बन सुंदर, पण इथे दरबार भरतो तेव्हा तिथे कोंबडंसुद्धा उठलेलं नसतं. तोक्योत दरबाराची वेळ आणि महाराजांच्या झोपेची वेळ एकच. बँकॉकला दौलतराव दोनदा जाऊन आलेले, तिसऱ्यांदा जायला टपलेले. तिबिलिसी स्वस्त, हवा छान, पण आमटी विमानाने गेली तरी गारढोण. बाली मात्र तिने कुठलीही तुलना न करता खोडलं. तिथे पाली फार, असं कुठेतरी वाचलं होतं. जायचं होतं महाराजांना, पण अंगावर काटा आला हिच्या!

पौर्णिमा उद्यावर आली. तोफेची वेळ झाली तशी मंजुळा नेहमीप्रमाणे बागेच्या टोकाच्या जुन्या मोरखान्यात जाऊन लपली. मोर कधीच उडून गेले होते, भिंती मात्र हातभर जाड. तोफ ऐकू यायची ती उशीत कुणी शिंकल्यासारखी. त्या दिवशी ती भीतीने संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली.

बाहेर आली तर समोर दिवाणजी!

“आई गं!” मंजुळा किंचाळली. पागेत गडबड उडाली.

“अगं, मी आहे! होतीस कुठे? दिसली नाहीस तशी आम्हाला वाटलं, शहरं बघायला परदेशी गेलीस!”

मंजुळा थबकली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“दिवाणजी,” ती म्हणाली, “मला एक मेणा हवाय. पडदे जाड हवेत.”

“शहर सापडलं, पण गुपित राहिलं तरच मेहुण्यांना कळणार नाही,” असं मंजुळाने पटवल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच महाराज डोळ्यांवर पट्टी बांधून मेण्यात बसले. भोयांनी बागेला इतक्या फेऱ्या घातल्या की महाराजांना भूक लागली. पट्टी सुटली तेव्हा समोर चुन्याने रंगवलेली स्वच्छ खोली होती. बंद खिडकी, एक मेज आणि पडदा. पडद्यावर दरबार भरला आणि वेळेआधीच उरकला. “एकच मिनिट” म्हणायला कुणी नव्हतंच! मग पान वाढलं गेलं.

“वा! परदेशात आमटी इतकी गरम?” महाराजांनी भुरके मारले आणि ताणून दिली.

जाग आली ती ओळखीच्या आवाजाने.

“दाजीसाहेब कुठे गेले रे?” बाहेर अगदी खिडकीला लागून दौलतराव माळ्याला विचारत होते.

महाराज ताडकन उठले. “हा इथेही पोहोचला?”

“श्श!” कोपऱ्यात बसलेली मंजुळा म्हणाली आणि महाराजांना श्श केलं म्हणून स्वतःच घाबरली.

“ते परदेशी गेलेत जी,” माळी म्हणाला.

“अरेरे! मग शहामृगांचं दिवाणजींनाच सांगतो.” पावलं लांब गेली.

महाराजांनी खिडकी उघडली. समोर त्यांचाच तलाव आणि त्यात डुंबणारा त्यांचाच हत्ती!

“हा तर आमचा मोरखाना!” महाराज गरजले. “आम्हाला फसवतेस? तोफखाना!”

तोफेच्या भीतीने मंजुळाचं तोंड उघडलं. “महाराज, आमटी गार होती का?”

“नाही, पण...”

“दरबार बुडाला? झोप मोडली? माळी मराठी बोलला नाही?”

“ते सगळं ठीक! पण पहिली अट परदेशाची होती! हा परदेश कसा?”

“महाराज, दौलतराव अंगणापर्यंत आले आणि मागे फिरले. सबंध पृथ्वीवर अशी दुसरी जागा दाखवा!” मंजुळा एका दमात म्हणाली. “जिथे मेहुणे पोहोचत नाहीत, तोच परदेश!”

मग महाराज असे खदखदून हसले की मंजुळा दचकून मेजाखाली गेली.

“बाहेर ये!” महाराज डोळे पुसत म्हणाले आणि गळ्यातला कंठा काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. “आणखी काय हवं, माग!”

“माझ्या खोलीत येताना सगळ्यांनी आधी खोकावं, एवढंच,” मंजुळा म्हणाली. “म्हणजे मी दचकणार नाही.”

त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली. हुकूम पाळायला पहिले आले ते खुद्द महाराज. दाराशी उभे राहून ते राजेशाही थाटात, दणदणीत खोकले.

आणि पागेतले सगळे घोडे उधळले!