चुटकीचं चुकचुक कुठे गेलं?

भिंतीवर होती एक पाल. एवढीश्शी! नाव तिचं चुटकी. ट्यूबलाइटच्या मागे राहायची. येता-जाता करायची, "चुकचुक! चुकचुक!"

एकदा काय झालं, चुटकी उठली. तिनं तोंड उघडलं.

"चु... आई गं!"

घशात काटे काटे! अंग गरम गरम! थुंकीसुद्धा गिळवेना. एक जाडा डास नाकासमोर नाचून गेला. तोही गिळवेना.

चुटकीनं भोकाड पसरलं. "माझं चुकचुक गेलं!"

आई म्हणाली, "जा त्या बोकोबाकडे. त्याचं औषधाचं दुकान आहे. पण लांबूनच बोल हं!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चुटकी गेली बोकोबाकडे.

"बोकोबा बोकोबा, औषध दे.
औषध मिळेना, घसा बरा होईना.
घसा बरा होईना, चुकचुक करता येईना!"

बोकोबानं दिली जांभई. "आऽऽव! कुठलं औषध? लाल देऊ की पिवळं? मला काय कळतंय? डॉक्टर बगळीबाईंची चिठ्ठी आण, मग औषध देतो."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चुटकी गेली बगळीबाईंकडे.

"बगळीबाई बगळीबाई, चिठ्ठी द्या.
चिठ्ठी मिळेना, औषध मिळेना.
औषध मिळेना, घसा बरा होईना.
घसा बरा होईना, चुकचुक करता येईना!"

बगळीबाईंची चोच ही एवढी लांब! चुटकी सरकली मागे.

"घाबरू नकोस," बगळीबाई म्हणाल्या. "दवाखान्यात मी कुणाला खात नाही. आ कर बघू. आऽऽ!"

चुटकीनं केला आऽऽ.

"अगंबाई! घसा लालबुंद. त्यावर पांढरे ठिपके. मानेला गाठी. अंगात ताप. खोकला?"

"नाही."

"शेंबूड?"

"शी! नाही."

"हं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते आहे."

"तिचा घसा बरा आहे वाटतं," चुटकी म्हणाली.

बगळीबाईंनी डोळे वटारले. "घशात वाईट जंतू असतील. नसतीलही! कोळीकाकांकडून तपासून आण, मग चिठ्ठी देते."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चुटकी गेली कोळीकाकांकडे. कोपऱ्यात जाळं, जाळ्यात काका, काकांना पाय आठ!

"कोळीकाका कोळीकाका, तपासणी करा.
तपासणी होईना, चिठ्ठी मिळेना.
चिठ्ठी मिळेना, औषध मिळेना.
औषध मिळेना, घसा बरा होईना.
घसा बरा होईना, चुकचुक करता येईना!"

काका आठही पायांनी सरसर वर पळाले. "तुझ्या तोंडात हात घालू? माझ्या चुलतभावाला कुणी खाल्लं?"

"मीच," चुटकी म्हणाली. "पण खूप छान होता हो तो!"

"मग काडी पाहिजे! लांबच्या लांब! काडी आहे, पण टोकाला कापूस नाही. सावरीच्या झाडाकडून कापूस आण, मग तपासणी करतो."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चुटकी गेली सावरीकडे.

"सावरबाई सावरबाई, कापूस दे.
कापूस मिळेना, तपासणी होईना.
तपासणी होईना, चिठ्ठी मिळेना.
चिठ्ठी मिळेना, औषध मिळेना.
औषध मिळेना, घसा बरा होईना.
घसा बरा होईना, चुकचुक करता येईना!"

सावर म्हणाली, "कापूस आहे बोंडात. बोंड आहे बंद. मला का हात आहेत उघडायला? वाऱ्याला फांदी हलवायला सांग, मग कापूस देते."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चुटकी गेली वाऱ्याकडे. वारा कौलांवर पसरला होता. घुर्रर्र, घुर्रर्र!

"वाऱ्या वाऱ्या, फांदी हलव.
फांदी हलेना, कापूस मिळेना.
कापूस मिळेना, तपासणी होईना.
तपासणी होईना, चिठ्ठी मिळेना.
चिठ्ठी मिळेना, औषध मिळेना.
औषध मिळेना, घसा बरा होईना.
घसा बरा होईना, चुकचुक करता येईना!"

"नाही हलवत जा!" वारा म्हणाला. "आज माझी सुट्टी!" आणि परत घुर्रर्र!

चुटकीला आला राग. अस्सा राग! तिनं शेपटी आपटली. आपट आपट आपटली.

टप्प! शेपटीच तुटली!

चुटकी बघतच राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. शेपटी परत येते. घसा कुठून आणू?"

तुटकी शेपटी वळवळली. वळवळ वळवळ, वळवळ वळवळ! आणि शिरली थेट वाऱ्याच्या नाकात.

"आ... आ... हाच्छीऽऽऽ!"

वारा शिंकला, फांदी हलली.
फांदी हलली, बोंड फुटलं. फट्ट! कापूस मिळाला.
कापूस मिळाला, तपासणी झाली.

काकांनी लांबूनच काडी फिरवली घशात.

"ओऽऽक!" चुटकी म्हणाली.

"मला खाऊ नकोस!" काका ओरडले. मग बसले काडी बघत. बघता बघता टुणकन उडाले. "सापडले! जंतू सापडले!"

तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली.
चिठ्ठी मिळाली, औषध मिळालं.

बोकोबा म्हणाला, "रोज घ्यायचं. बाटली संपेपर्यंत घ्यायचं. आणि तुझं उष्टं पाणी कुणाला द्यायचं नाही. मला तर नाहीच!"

औषध होतं कडू. शी शी शी! चुटकीनं नाक मुरडलं आणि गटकन गिळलं.

ताप गेला. काटे गेले. तो जाडा डास? गट्टम!

मग खिडकीतून आला वारा. "अगं, बरी झालीस की! उरलेलं औषध मोरीत ओत. चल खेळायला!"

चुटकीनं बाटलीला घट्ट मिठी मारली. तोंड उघडलं. हे एवढं मोठ्ठं!

"चूक! चूक! चूक! चूक!"

"आलं गं आलं!" आई भिंतीवरून पळतच आली. "माझ्या बाळाचं चुकचुक आलं!"

वारा गेला गुपचूप. चुटकी रोज औषध प्यायली. शी म्हणत प्यायली, पण प्यायली.

बाटली झाली रिकामी, गोष्टही झाली रिकामी!